टोपी घातलेला कांदा

दोस्तांनो, पुढचं वाचण्याआधी एक काम करा. उठा, स्वयंपाकघरात जा आणि कांद्याची टोपली जरा खालीवर करून बघा. तळाशी एखादा तरी विसरलेला कांदा सापडेल, डोक्यावर हिरवा कोंब घेऊन बसलेला. त्याला कुणी माती दिली नाही, पाणी घातलं नाही, खत तर नाहीच नाही. मग हा कोंब आला कुठून?

आई म्हणेल, "अरे, कांदा तो! पडून राहिला की कोंब येणारच." बरोबर आहे, पण 'येणारच' म्हणजे का? हा प्रश्न डोक्यात राहू द्या आणि चला माझ्याबरोबर एका दूरच्या गावाला. गावाचं नाव लायडन, देश नेदरलँड्स. आपण त्याला हॉलंडही म्हणतो.

2009 सालच्या ऑक्टोबरमध्ये मी कामासाठी तिथे गेले. लायडन जुनं गाव आहे. रस्त्यांच्या मधून कालवे वाहतात, कालव्यांवर छोटे छोटे पूल आणि पुलांवर सायकलीच सायकली! शाळेतली मुलं, त्यांचे गुरुजी, ऑफिसला जाणारी मंडळी, सगळे सायकलवर. सगळं छान, पण नोव्हेंबर उजाडला आणि माझी तारांबळ उडाली. 'उजाडला' तरी कसं म्हणू? तिकडे उजाडतच नव्हतं! हा देश आपल्यापेक्षा खूप उत्तरेला आहे. डिसेंबरात सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमाराला आणि साडेचारला मावळूनही जातो. तोही ढगांच्या दुलईतून बाहेर यायला तयार नसतो. तुम्ही शाळेला निघता तेव्हा काळोख, घरी येता तेव्हाही काळोख, अशी कल्पना करा.

अशाच एका संध्याकाळी मी घरी परत येत होते. तिथल्या घरांना रस्त्याकडे मोठमोठ्या खिडक्या असतात आणि पुष्कळ लोक पडदे लावतच नाहीत. जाता जाता कुणाकडे दिवा लागलाय, कुणाचं मांजर खिडकीत बसलंय, ते सगळं दिसतं. पण त्या दिवशी एका घराच्या थंडगार ओसरीच्या खिडकीत मला भलतंच काही दिसलं. ओळीने पाच काचेचे पेले. प्रत्येक पेल्यावर एक कांदा बसवलेला. आणि प्रत्येक कांद्याच्या डोक्यावर कागदाची उंच टोपी, विदूषकाची असते ना, अगदी तश्शी!

मी थबकलेच. हे काय असावं? खेळ, की कसला सण?

मी ज्या घराच्या वरच्या मजल्यावर राहत होते, त्याच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहत असत. वय सत्तरीच्या पुढे, पण सायकल अशी दामटत की मी मागेच पडे. त्यांना विचारलं तर त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, "अगं, तो कांदा नाही. तो हायसिंथचा कंद. टोपी घालून झोपवलाय त्याला. थांब, तुलाही एक देते."

हायसिंथ म्हणजे आपल्या निशिगंधासारखं घमघमणारं फूल. एकाच जाड दांड्याला निळ्या, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांचा गच्च घोस लागतो. मूळचं ते तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन या भागातलं, हॉलंडमध्ये येऊन तिथलंच झालेलं. त्याचा कंद दिसतो मात्र हुबेहूब कांद्यासारखा. आजींनी मला कंद दिला आणि त्यासाठीचा खास पेलाही दिला. कमरेत आवळलेला आणि वर वाटीसारखा पसरलेला. त्या वाटीत कंद बसतो, खाली पाणी. पण गंमत अशी की पाणी कंदाला टेकू द्यायचं नाही! बुडापासून थोडं खाली ठेवायचं. टेकलं तर कंद सडतो. पाण्याच्या चाहुलीने मुळं आपणहून खाली उतरतात.

"आणि आता," आजी म्हणाल्या, "हा पेला थंड आणि अंधाऱ्या जागी ठेव. तळघर असलं तर उत्तम. नसलं तर थंड खोलीत ठेवून वर टोपी घाल, म्हणजे त्याच्यापुरती रात्र. दहा-बारा आठवडे बघायचं नाही. फक्त पाणी कमी झालं तर घालायचं."

दहा-बारा आठवडे! म्हणजे जवळजवळ तीन महिने! मी मनात म्हटलं, आजींचं आपलं काहीतरीच. झाडाला ऊब लागते, उजेड लागतो, हे तर आपण शाळेतच शिकतो. तीन आठवडे मी कसाबसा धीर धरला. पांढरीशुभ्र मुळं पेल्यात उतरलेली दिसली, वर बोटाच्या पेराएवढा कोंबही आला. झालं! मी टोपी उडवली आणि पेला नेऊन ठेवला थेट खोलीतल्या रेडिएटरजवळ. रेडिएटर म्हणजे गरम पाण्याच्या नळ्यांची भिंतीला लावलेली शेगडी. खोलीतली सगळ्यात उबदार जागा. मला वाटलं, मी कंदाचे लाडच करतेय.

पुढे काय झालं, सांगू? पानं आली, पण खुरटी. फुलंही आली, पण दांडा वर सरकलाच नाही. पानांच्या बेचक्यात, अगदी कंदाच्या मानेशी चार-दोन फुलं चेंगरून उमलली. बाकीच्या कळ्या तिथल्या तिथे तपकिरी पडून सडल्या. डिसेंबरच्या मध्यावर मी तो पेला घेऊन ओशाळल्या तोंडाने आजींसमोर उभी राहिले.

त्यांनी पाहिलं मात्र, लगेच ओळखलं. म्हणाल्या, "तू त्याचा हिवाळाच पळवलास, बाई!"

मग त्यांनी मला ओट्याजवळ बोलावलं. एक ताजा कंद घेतला, हातमोजे घातले (या कंदांच्या सालीने हाताला खाज सुटते) आणि सुरीने उभा चिरला. आत कांद्यासारखेच एकावर एक पापुद्रे. ते म्हणजे कंदाची शिदोरी, साठवलेलं अन्न. आणि अगदी मधोमध, पापुद्र्यांच्या कुशीत, बारीकसा फिकट तुरा. मी डोळे बारीक करून पाहिलं. ती फुलं होती! इवल्या इवल्या कळ्यांचा अख्खा घोस तिथे आधीपासून तयार होता. बाहेर बर्फ पडायच्या बेतात, आणि इथे वसंतऋतू घडी घालून ठेवलेला!

हे कसं होतं, ते हॉलंडमधल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. वाखेनिंगेन या गावी प्राध्यापक ब्लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1920 च्या दशकात अक्षरशः ढीगभर कंद चिरून तपासले. कोणत्या महिन्यात, किती तापमानात, कंदाच्या पोटात काय काय घडतं, याची त्यांनी नोंद केली. त्यातून कळलं ते असं: उन्हाळ्यात कंद जमिनीतून काढून कोरडा ठेवला की उबेने त्याच्या आत फूल घडतं. पण फूल घडलं म्हणजे ते वर येईल असं नाही. दांडा लांब वाढायचा तर त्याला आधी कित्येक आठवडे थंडी मिळावी लागते. साधारण 9 अंश सेल्सियसची थंडी हायसिंथला चांगली मानवते. या थंडीत बाहेरून सगळं शांत दिसतं. आत मात्र फुलाची वर यायची तयारी चालू असते. ती पुरी होण्याआधी ऊब दिली, की माझ्या कंदाचं झालं तेच होतं.

म्हणजे बघा, हिवाळ्याला तोंड देऊन फूल येतं असं आपल्याला वाटतं. खरं तर हिवाळा मिळतो म्हणून फूल येतं!

आणि हेच ज्ञान वापरून तिकडचे शेतकरी भर हिवाळ्यात काचघरांत फुलं फुलवतात. कंदांना आधी शीतगृहात 'हिवाळा' देतात आणि मग उबेला आणतात. त्यामुळे बाहेर पाणी गोठत असताना बाजारात ट्यूलिपच्या जुड्या येतात. 2012 पासून तर जानेवारीत ॲमस्टरडॅम शहरातल्या मोठ्या चौकात ट्यूलिपची तात्पुरती बाग मांडून, लोकांना ती फुलं फुकट खुडू देण्याचा दिवस साजरा होऊ लागला.

त्या दिवशी आजींनी मला दुसरा कंद दिला. त्यांच्या थंड कोठीत कोरडाच पडून राहिलेला. "आता मात्र घाई नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याभोवती लाल पेनाने गोल काढून गेल्या.

त्या वर्षी बर्फ चांगलंच पडलं. जानेवारीत मी लायडन विद्यापीठाची जुनी वनस्पतिबाग पाहायला गेले. ही बाग 1590 मध्ये स्थापन झाली. 1593 मध्ये कारोलुस क्लुसियस नावाचा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे आला, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी! येताना तो ट्यूलिपचे कंद घेऊन आला आणि 1594 च्या वसंतात ते त्याच्या वाफ्यांत फुलले. ट्यूलिप मूळचे मध्य आशियातल्या डोंगराळ मुलखातले. तुर्कस्तानच्या सुलतानांच्या बागांतून ते युरोपात पोचले. क्लुसियसची फुलं पाहून लोकांना इतकी भुरळ पडली की त्याच्या बागेतून कंद चोरीला जाऊ लागले!

पुढे ही आवड वाढत वाढत वेडावर गेली. 1636 च्या हिवाळ्यात, कंद जमिनीखाली गाडलेले असताना, लोक नुसत्या कागदावर त्यांचे सौदे करू लागले. एकेका दुर्मिळ कंदाला मोठ्या घराइतकी किंमत सांगितली जाई. आणि फेब्रुवारी 1637 मध्ये हार्लेम गावी एका लिलावात गिऱ्हाईकच उभं राहिना. भाव धाडकन कोसळले. सगळ्यात महाग असायचे ते पट्ट्यापट्ट्यांचे ट्यूलिप. गंमत म्हणजे ते पट्टे एका विषाणूमुळे पडत, हे पुढे विसाव्या शतकात कळलं. म्हणजे लोक आजारी फुलांसाठी घरं गहाण टाकत होते, म्हणा ना!

मी गेले तेव्हा त्या बागेत वाफ्यांवर पांढरं बर्फ आणि त्यात रोवलेल्या नावांच्या पाट्या, एवढंच दिसत होतं. परत आल्यावर मी आजींना म्हटलं, "बागेत काहीच नव्हतं हो."

"काहीच कसं नव्हतं?" त्या म्हणाल्या. "सगळं होतं. खाली होतं."

मग चहा पिता पिता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती मी तुम्हाला सांगणार आहे, कारण त्या वेळी त्या तुमच्यातल्या छोट्या दोस्तांएवढ्याच होत्या, सहा वर्षांच्या.

दुसरं महायुद्ध चालू होतं. हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होतं. 1944 च्या सप्टेंबरात डच रेल्वे कामगारांनी संप केला. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागात अन्न न्यायला बंदी केली. पुढे बंदी सैल झाली तर कडाक्याच्या थंडीने कालवे गोठले, होड्या अडकल्या. शहरांत ना पाव, ना बटाटे, ना कोळसा. त्या हिवाळ्याला तिकडे आजही 'भुकेचा हिवाळा' म्हणतात. सुमारे 20,000 माणसं त्यात दगावली.

"घरात खायला काही उरलं नाही," आजी म्हणाल्या. "मग ट्यूलिपचे कंद आले." युद्धामुळे कंद परदेशी जात नव्हते, कोठारांत पडून होते. ट्यूलिपचा कंद तसाच खाल्ला तर बाधतो. म्हणून तो सोलून, मधला पिवळा कोंब काढून टाकून, कसा शिजवायचा याच्या सूचना लोकांना दिलेल्या होत्या. आजींची आई तसे कंद उकडून, कुस्करून त्याचं पातळसं सूप करी. "चव?" त्या हसल्या. "ओल्या लाकडाच्या भुशासारखी. पण मी ताटली चाटत असे."

मग थोडा वेळ त्या गप्प बसल्या. "माझी आई दर हिवाळ्यात खिडकीत हायसिंथ लावायची. त्या वर्षी खिडकी रिकामी राहिली. मे महिन्याच्या 5 तारखेला देश स्वतंत्र झाला. त्या शरद ऋतूत आईने पहिली गोष्ट काय केली असेल? कुठूनसा एक कंद मिळवून पेल्यात ठेवला. मी विचारलं, 'हा आपण कधी खायचा?' आई म्हणाली, 'हा खायचा नाही. हा बघायचा.'"

तेव्हापासून एकही हिवाळा आजींनी खिडकी रिकामी ठेवलेली नाही. मला एकदम कळलं, पहिला कंद मी वाया घालवला तेव्हा रागावण्याऐवजी त्यांनी दुसरा का दिला ते.

माझी खोली गरम, पण जिन्याखालचा कोपरा थंड होता. तिथे टोपी घालून बसलेल्या माझ्या कंदाला मी रोज फक्त 'आहेस ना?' एवढंच विचारत असे. आणि फेब्रुवारीच्या शेवटी काय झालं माहीत आहे? एका सकाळी टोपी तिरपी झालेली दिसली. वाटलं, उंदीर आला की काय! पण नाही. खालून कोंबाने टोपी वर उचलली होती! हीच ती खूण. आता टोपी काढायची. आधी काही दिवस थंड उजेडात, मग खोलीत. फिकट पिवळा कोंब बघता बघता हिरवा झाला, दांडा सरसर वर आला आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात निळ्या फुलांचा घोस फुलला. असा घमघमाट सुटला की वरच्या मजल्यावरचा वास खाली दारापर्यंत! आजी जिना चढून आल्या, हुंगलं आणि म्हणाल्या, "हं. या वेळेला हिवाळा पुरता मिळाला."

एप्रिलमध्ये लायडन आणि हार्लेमच्या मधला भाग रंगांनी पेटून उठला. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमागे रेताड जमीन आहे, पाणी साचून राहत नाही, कंदांना ती फार मानवते. लिस्स गावची कोइकेनहॉफ ही बाग मी पाहिली. 1950 पासून दर वसंतात ती लोकांसाठी उघडते. दर वर्षी सुमारे 70 लाख कंद तिथे हाताने लावतात. डोळे दिपून गेले खरे. पण खरं सांगू? माझ्या लक्षात राहिला तो जिन्याखालचा एकच.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे इतकी थंडी? काश्मीरमध्ये आहे, श्रीनगरला दल सरोवराजवळ 2007 पासून ट्यूलिपची मोठी बाग आहे. पण आपल्याकडे? आपल्याकडे फ्रीज आहे! हायसिंथचा कंद मिळाला, तर ऑक्टोबरमध्ये कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात दहा-बारा आठवडे ठेवा. तीन गोष्टी मात्र नक्की पाळा. पिशवीवर ठळक अक्षरात 'खायचा नाही' असं लिहा, कारण हायसिंथचा कंद विषारी असतो आणि कांदा समजून भाजीत गेला तर पंचाईत. दुसरं, शेजारी सफरचंद किंवा केळी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून एक वायू निघतो, त्याने आतल्या कळ्या मरतात. तिसरं, कंद हाताळताना हातमोजे घाला. मग जानेवारीच्या गारव्यात तो पेल्यावर बसवा, कागदाची टोपी घाला आणि कोंब टोपी उचलेपर्यंत वाट बघा.

आणि कंद नाही मिळाला, तर? आपल्या टोपलीतला तो कांदा आहेच की! तो हायसिंथचा लांबचा नातेवाईक. त्याच्याही पापुद्र्यांत शिदोरी असते, म्हणून तर माती-पाण्यावाचून कोंब येतो. त्यालाही थंडीची भाषा कळते. नाशिककडे कांद्याचं बी धरणारे शेतकरी थंडीच्या सुरुवातीला निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावतात. थंडी लागली की पोकळ दांडे वर येतात आणि टोकाला पांढऱ्या फुलांचे गोल गेंद डोलू लागतात. त्यांना 'डोंगळे' म्हणतात. कधी प्रवासात दिसले तर थांबून बघा.

तर दोस्तांनो, त्या कोंब आलेल्या कांद्याला तीन टूथपिक टोचा आणि पाण्याच्या पेल्यावर बसवा. पाणी बुडाला जेमतेम लागू दे, दोन-तीन दिवसांनी बदला. पेल्यावर चिठ्ठी लावून आजची तारीख लिहा. मुळं कधी आली, पात कधी उंच झाली, वहीत टिपून ठेवा. आणि घरात कुणी विचारलं, "हा कांदा कधी चिरायचा?" तर काय सांगायचं, ते तुम्हाला माहीत आहेच.